बेगडीचा त्रिशूळ
आंब्याच्या पेटीतल्या पेंढ्याचा वास आला की मला वहिनीचं बेळकं आठवतं. तीस सालच्या आसपासची गोष्ट, मी विशीतला होतो. उंच रचलेल्या उडवीवरचा पेंढा खाली ओढायला थोरल्या भावाने किंजळीच्या तीन फाट्यांच्या फांदीचं ते बेळकं तिच्या उंचीला बेतून केलं होतं. पुढे तो आगबोटीवर खलाशी म्हणून गेला आणि तिकडेच वारला. दांडा तिच्या हातांनी गुळगुळीत झाला होता. त्यानंतरच्या शिमग्याला मी शंकराचं सोंग घेतलं, तिला न विचारता बेळकं उचललं आणि त्याला वरपासून खालपर्यंत चंदेरी बेगड चिकटवून त्रिशूळ केला. सोंगं आमच्या अंगणात आली तेव्हा वहिनी पुढे झाली आणि माझ्या पाया न पडता तिने त्रिशुळाच्या दांड्याला कपाळ टेकवलं. शेजारणी हसल्या, "अगो, देव कसला, दीर हा तुझा!" पुढच्या वाडीत नाचता नाचता बेळकं जांभ्या दगडाच्या गडग्यावर आपटून मोडलं, आणि मी ते गुपचूप खाडीत टाकलं. संध्याकाळी तिने हळूच विचारलं, "भावजी, बेळकं कुठं दिसलं काय हो?" तिच्या कपाळावर बेगडीचा चंदेरी कण अजून चिकटलेला होता. तरी मी म्हणालो, "गड्याने नेलं असेल." क्षणभर माझ्याकडे बघून ती म्हणाली, "असेल हो," आणि नुसत्या हातांनी पेंढा ओढायला गेली. गड्याने ते नेलं नव्हतं, वहिनी. तुला ते माहीत होतं. फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं.