थायरॉईड आणि वर्षभराचा अबोला

सांगलीच्या डॉक्टरांनी मला दोन्ही हात पुढे करायला लावले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. तो थरथरू लागला. मग त्यांनी नाडी पाहिली, गळा चाचपला आणि म्हणाले, "थायरॉईडचा विकार दिसतोय. गळ्यातली ही ग्रंथी जास्त रस सोडायला लागली, की सगळं शरीर घाईनं चालतं. तुमची तक्रार त्यातूनच आली असावी."

माझी तक्रार शीघ्रपतनाची होती. हा शब्दही मी तिथंच पहिल्यांदा ऐकला.

मी आष्ट्याचा. फौजेतून सुटून आल्यावर ऊस करत होतो. लग्नानंतर सहा वर्षं काही अडचण नव्हती. मग एकाएकी संबंध सुरू होतो न होतो तोच आटोपायला लागला. मला वाटलं, आपल्यातला दमच गेला. बाजारातल्या वैदूच्या पुड्या खाल्ल्या, काही फरक पडला नाही. लाजेपोटी मी कुसुमला, माझ्या बायकोला, टाळायला लागलो. बोलणंही तुटलं.

वर्षभरानं तिनं रहिमतपूरला, माहेरी जायला पिशवी भरली. तेव्हा कुठं मी तोंड उघडलं. ती खाली बसली. म्हणाली, "मग दवाखान्यात जाऊया की. मी येते संगं."

डॉक्टरांपुढं मी तेवढी एकच तक्रार सांगितली. बाकीचं कुसुमच बोलली. "आवं डॉक्टरसाहेब, चार भाकऱ्या खात्यात, तरी अंग धरंना. थंडीतबी घाम फुटतोय. छाती धडधडती म्हणत्यात." ते ऐकूनच डॉक्टरांनी कागद काढला होता.

रक्त मुंबईला पाठवलं. पंधरा दिवस वाट पाहण्यात गेले. निदान खरं निघालं, गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभरात हात स्थिर झाले. चार महिन्यांनी ती तक्रारही गेली.

डॉक्टर म्हणाले होते, "सगळ्यांचं कारण हेच नसतं. कुणाच्या प्रोस्टेटला, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीला, सूज असते. कुणाच्या मनावर ताण असतो. तपासल्याशिवाय कळत नाही." ज्यांना हा त्रास आहे, त्यांनी पुड्यांत वर्ष घालवू नये, म्हणून हे लिहिलं.

त्या पहिल्या दिवशी परतताना एसटीत कुसुम खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला वाटलं, माझ्यावरनं तुमचं मन उडालं."

डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण असं वाटत असतानाही ती वर्षभर माझ्या घरात राहिली, माझ्या चार भाकऱ्या थापत राहिली, याचे उपकार कसे फेडायचे, ते मला अजून कळलेलं नाही.