आम्ही वजनकाटे विकतो

आमच्या तालुक्याच्या गावात नोकरीची जाहिरात म्हणजे बसस्टँडच्या भिंतीवर चिकटवलेला कागद. शाळेतून येताना मी ते सगळे कागद वाचायचे. 'पाहिजेत' या शब्दाखाली लोकांना काय काय पाहिजे असतं, याचं कुतूहल तेव्हापासूनचं. पुढे मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले, भोसरीत एका छोट्या कंपनीत लागले, आणि एक दिवस साहेब मलाच म्हणाले की, या वेळची जाहिरात तू लिही.

आमची कंपनी कारखान्यांना लागणारे वजनकाटे विकते. ट्रक मोजणारे मोठे काटे नव्हेत. टेबलावर ठेवायचे, ओंजळभर नटबोल्ट टाकले की वजनावरून किती नग आहेत ते सांगणारे. चाकणचा भाग सांभाळणारे आमचे जुने सेल्समन निवृत्त होऊन गावी गेले होते. त्यांच्या जागी साहेबांना कुणीतरी तरुण, चुणचुणीत हवं होतं. मुलगा किंवा मुलगी, कुणीही चाललं असतं. दिवाळीपर्यंत चांगलं माणूस मिळालं नाही तर चाकण डीलरला देऊन टाकू, असं ते म्हणाले. म्हणाले सहजच, पण चाकणची कोटेशनं करणं हेच माझं काम होतं. चाकण गेलं की माझं टेबलही गेलं, हे मला न सांगता कळलं.

मी अभ्यासाला लागले. बसथांब्यावर, पुनावळ्यात मी राहते तिथल्या झेरॉक्सच्या दुकानात, मोबाइलवर, दिसेल त्या जाहिरातीचा फोटो काढला. सगळ्या एकाच हाताने लिहिल्यासारख्या होत्या. अग्रगण्य कंपनी. उत्साही, महत्त्वाकांक्षी तरुण-तरुणी. अमर्याद कमाईची संधी. शहरात अशीच पद्धत असेल असं समजून मीही तसंच लिहिलं. फक्त काट्यांचं कुठं घालायचं ते विचारायला साहेबांकडे गेले, तर ते म्हणाले, "काटे नको घालू. काटा म्हटलं की पोरांना भाजीवाला दिसतो. आधी येऊ दे, मग सांगू."

पोरं आली. बरीच आली. पाठ केलेली उत्तरं देणारी, नवाकोरा शर्ट घातलेली. काटे विकायचे आहेत हे ऐकल्यावर काहींचा चेहरा उतरायचा. एकाला तर आम्ही विमा विकतो असं वाटलं होतं आणि त्याने त्याचीच तयारी केली होती. त्याचं मला वाईट वाटलं, कारण तयारी चांगली होती.

मग रहाटणीची एक मुलगी आली. बी.कॉम. झालेली, मोबाइलच्या दुकानात काउंटरवर काम केलेली. साहेबांनी समोर काटा ठेवला आणि मला हा विकून दाखव म्हणाले. आधीच्या सगळ्यांनी काट्याचं कौतुक सुरू केलं होतं. हिने काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तुमच्याकडे सध्या नग कोण मोजतं, चुकले तर बोलणी कुणाला बसतात, असं साहेबांनाच विचारत बसली. साहेब उत्तरं देता देता आपला लेथवरचा जुना काळ सांगायला लागले. ती गेल्यावर म्हणाले, ही घ्यायची.

सोमवारपासून ये असं मी तिला कळवलं, पण सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. फोन उचलेना. गुरुवारी उचलला तेव्हा खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, मला यायचंय. घरी नको म्हणतात." मी कारण विचारलं, तर तिने फोन सरळ वडिलांच्या हातात दिला. त्यांनी वाद घातला नाही. रविवारी चहाला या म्हणाले, समोरासमोर बोलू.

साहेबांची परवानगी घेऊन मी एक छोटा काटा बरोबर नेला. का नेला, ते माझं मलाही नीट सांगता आलं नसतं. रिकाम्या हाताने जाववेना, एवढंच.

वडील एका फोर्जिंग कंपनीत कायम कामगार, मूळचे बीडकडचे. आई घरीच ब्लाउज शिवते. वडिलांनी मोबाइलवर माझीच जाहिरात उघडून ठेवली होती. चष्मा लावून त्यांनी ती मला वाचून दाखवली, एकेक ओळ, जणू मी ती पहिल्यांदाच ऐकत होते. 'अमर्याद कमाई'वर ते थांबले. म्हणाले, असं म्हणणारे आमच्या बिल्डिंगमध्ये येऊन गेलेत. आधी आपण गादी घ्यायची, मग नातेवाइकांना विकायची. माझ्या साडूने घेतल्या. अजून माळ्यावर आहेत.

"तसलं नाही काका आमचं," मी म्हटलं.

"मग कसलं आहे? पोरगी उत्साही पाहिजे, महत्त्वाकांक्षी पाहिजे, सगळं लिहिलंय. इकायचं काय, ते कुठंय?"

"काटे विकायचेत, बाबा. कितीदा सांगितलं," मुलगी आतून म्हणाली.

"तू सांगितलंस. कंपनीनं कुठं सांगितलंय? उद्या शिफ्टमधली माणसं विचारतील, लेक काय करती. मी काय सांगू त्यांना, उत्साही आहे म्हणून?"

मला हसू आलं आणि लगेच गेलं. माझे वडील आजही गावात एवढंच सांगतात की, मुलगी पुण्याला कंपनीत आहे. पुढे कुणी विचारलं तर विषय बदलतात. मी त्यांना कधी नीट सांगितलेलं नव्हतं. साहेबांसारखंच मलाही वाटत असणार की, काटे हे काही सांगण्यासारखं नाही.

मी पिशवीतून काटा काढून टेबलावर ठेवला. नटबोल्ट नव्हते. आईने शिवणाच्या डब्यातून ब्लाउजचे हुक आणले. आधी मी दहा मोजून टाकले, म्हणजे काट्याला एका हुकाचं वजन कळतं. मग आईने मूठभर टाकले. आकडा आला. त्यांचा विश्वास बसला नाही, त्यांनी सगळे हुक ताटात ओतून एकेक मोजले. आकडा तोच. मग त्यांनी आणखी टाकले. वडील चहा तसाच ठेवून वाकून बघत होते.

आई मोजता मोजता म्हणाली, "चाकणला दिवसभर फिरायचं म्हणजे पोरीनं बाथरूमला कुठं जायचं?"

मला माहीत नव्हतं. तसं मी कबूल केलं आणि बघून कळवते म्हणाले.  निघताना वडिलांनी काटा स्वतः पिशवीत घालून दिला.

त्या आठवड्यात मी साहेबांबरोबर पहिल्यांदाच चाकणचा फेरा केला. गेटवर नाव लिहायचं, पास घ्यायचा, स्टोअरच्या माणसाला गाठायचं. कुठे साहेबांना खुर्ची मिळाली, कुठे गेटवरूनच परत. मी प्रत्येक ठिकाणी बाथरूम विचारत होते. पहिल्या दोन ठिकाणी साहेबांना अवघडल्यासारखं झालं, नंतर ते स्वतःच सिक्युरिटीला विचारायला लागले.

परत येऊन मी जाहिरात नव्याने लिहिली. सुरुवात अशी केली: "आम्ही वजनकाटे विकतो. कारखान्यांतल्या स्टोअरना नग मोजायला ते लागतात. तुमचं काम चाकण भागातल्या कारखान्यांत जाऊन काटा दाखवायचं. तुम्हाला आधी काहीही विकत घ्यावं लागणार नाही." मग पगार किती, विक्रीवर कमिशन किती, ते आकड्यात. गाडी नसेल तर बसने कोणते कारखाने होतात. जेवण कुठे, बाथरूम कुठे. शेवटी, घरच्यांना काही विचारायचं असेल तर त्यांनीही फोन करावा.

साहेबांनी दोनदा वाचली. "ही जाहिरात आहे का पत्र?" म्हणाले. मग पहिल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, हीच दे.

मी ती मुलीच्या वडिलांनाही पाठवली, आईच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून.  दुसऱ्या दिवशी फोन वाजायला लागले, आणि ते मुलांचे नव्हते, बापांचे होते. सेकंड शिफ्ट सुटल्यावर, फर्स्ट शिफ्टच्या आधी. मुलीच्या वडिलांनी ती आपल्या कामगारांच्या ग्रुपवर टाकली होती आणि खाली स्वतःची एक ओळ जोडली होती: मी काटा पाहिला आहे, वस्तू खरी आहे. इतकी चांगली ओळ मला सुचली नसती.

शनिवारी मुलीचा फोन आला, आवाज चांगलाच चढलेला.

"मॅडम, बाबांच्या शिफ्टमधल्या काकांचा मुलगा तुमच्याकडे येतोय म्हणे."

"हो, सोमवारी मुलाखत आहे."

"आणि माझी जागा?"

"तू नाही म्हणाली होतीस ना?"

"मी कुठे म्हणाले? बाबा म्हणाले. आता आई त्यांना म्हणतेय, गावभर जाहिरात वाटलीत आणि घरातली तेवढी ठेवलीत घरी." मग म्हणाली, "बाबांनीच फोन लावून दिलाय. इथंच उभे आहेत."

ती सोमवारी आली, त्या मुलाच्या आधी. दिवाळीला अजून अवकाश होता. साहेबांनी मुलाचीही मुलाखत घेतली आणि त्याला पुढच्या वेळेसाठी नाव लिहून ठेवायला सांगितलं. डीलरचा विषय परत निघाला नाही. माझं टेबल खिडकीशी होतं तिथंच राहिलं.

ती जाहिरात मी वडिलांनाही पाठवली आहे. आता ते काय सांगतात, ते मी गावी गेले की बघायचंय.

आणि आता आणखी एका सेल्सच्या जागेची जाहिरात लिहायची आहे. मसुदा मी त्या मुलीला वाचायला दिला होता. तिने गाडीच्या डिकीत काटा ठेवता ठेवता वाचला आणि परत दिला. "पावसात काटा कशात गुंडाळायचा ते लिहिलं नाहीत," म्हणाली. मी तिला कशात गुंडाळतेस ते विचारलं, आणि लिहून घेतलं.