देवघरातलं हिब्रू

"हिब्रू दिसलं तर ग्रँट…"

भिंतीपलीकडून एवढंच ऐकू आलं आणि नेमकी माझी फोडणी तडतडली! पुढचं सगळं मोहरीनं खाल्लं. त्या मोहरीपायी मी जो घोळ घातला, तो कुठल्या तोंडानं सांगू? सांगते. हसा हवं तर.

ठाण्याला आमच्या शेजारी दानियल मास्तर राहायचे, बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले यहुदी. आपल्यासारखंच मराठी बोलणारे, फक्त शनवार कडक पाळणारे. बाहेरच्या खोलीत त्यांची लहान मुलांची शाळा. मराठी, हिशेब आणि रोज तासभर हिब्रू प्रार्थना. सरकारी ग्रँटवर चालायची. स्वराज्य नवं, नियम त्याहून नवे!

आणि मी भिंतीला कान लावून बसत नाही हं. आमचं स्वयंपाकघरच तिकडे आहे.

दुपारी मास्तरांच्या सिपोराबाईंना गाठलं, तर त्यांचे डोळे भरलेले.

"सोमवारी शाळा तपासायला डिप्टी साहेब यायचेत, कमळाबाई. ग्रँट गेली तर शाळा गेली. मग हे म्हणतात, भाऊ गेला तसं आपणही इस्राएलला जाऊ."

इस्राएलला! पंधरा वर्षांचा शेजार. सिपोराबाई गेल्या तर मी वाटी घेऊन जायचं कुणाकडे? आणि बोलायचं कुणाशी?

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. हिब्रू दिसलं तर ग्रँट जाणार ना? मग दिसणारच नाही!

सोमवारी मास्तर साहेबांना आणायला स्टेशनवर गेले, सिपोराबाई पोह्यांत गुंतल्या. मी फळा पुसला. कपाटातली हिब्रू पुस्तकं पदराखाली घातली. पण देवाची पुस्तकं, कुठेही कशी टाकू? आमच्या देवघरात ठेवली. वर मुलांना दम भरला, "हिब्रूचं नाव काढायचं नाही!"

साहेब आले. पाढे झाले, कविता झाली. मी खिडकीत, जीव मुठीत धरून.

"आता हिब्रूची पुस्तकं दाखवा."

मास्तरांनी कपाट उघडलं. रिकामं!

"काल तर होती, साहेब…"

"अहो, ती वर्गणीतून घेतलीत की ग्रँटमधून, तेच मला बघायचंय. नाही दिसली तर मी काय लिहू?"

मास्तर पांढरेफटक. इतक्यात त्यांची सहा वर्षांची रिबका उभी राहिली.

"साहेब, त्याचं नाव काढायचं नाही. ती कमळामावशींच्या देवघरात आहेत."

झालं! सगळी वरात आमच्या घरी. तिथे आमच्या सासूबाईंनी नवी पोथी समजून पुस्तकांवर जास्वंद वाहिलेली, आणि पुढ्यात हात जोडून बसलेल्या!

साहेबांनी फूल अलगद बाजूला ठेवून एक पुस्तक उघडलं.

"उलटं धरलंत," रिबका म्हणाली. "आमचं तिकडून सुरू होतं."

साहेबांनी गुपचूप सुलटं केलं. आत 'वर्गणीतून' असा शिक्का होता. मास्तरांनी श्वास सोडला. मीही.

"मराठी-हिशेबाची ग्रँट चालू राहील," साहेब म्हणाले. "पण हिब्रू शाळेच्या वेळेत नको, शाळेच्या खोलीतही नको."

म्हणजे मी अगदीच चुकीचं ऐकलं नव्हतं, बघा!

"मग शिकवू कुठे?" मास्तरांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी हिब्रूचा तास आमच्याच घरापुढच्या ओट्यावर. आता मध्ये भिंत नाही, फोडणी नाही, शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येतो. आणि एक अक्षर कळेल तर शपथ!