बुढीची बरबटी

आमच्याकडं पेरताना तिफण पुरुष धरतो, पण बी कालवायचं काम बाईचं. सुपात काय किती पडेल ते घरची बाई ठरवते. राळेगावकडच्या आमच्या वावरात पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काही ओळी झाल्या की एक ओळ सरमिसळ बियांची असते. तूर, जवारी, मूग, तीळ, अंबाडी, बरबटी, सगळं एकत्र. पाणी कमी झालं तर तूर तगते, जास्त झालं तर जवारी. काही ना काही घरात येतंच.

बुढी, माझी बायको, होळीनंतर गेली. तिचं बी कीड लागू नये म्हणून मडक्यात राखेत घातलेलं, ते तसंच होतं. बरबटी तिच्या माहेरची, मुकुटबनकडची. चवळीसारखा लाल दाणा, डोळ्यापाशी काळा ठिपका. बाजारात मिळत नाही. लग्न झालं त्या साली पदराला बांधून आणली, आणि दरसाल त्यातलीच पेरली.

पेरणीला मीच सूप घेऊन बसलो.

सून म्हणाली, "मामाजी, मी कालवू का?"

"नाही. तिचं बी आहे हे."

मला येत होतं असं नाही. बुढी त्यात चाळलेली माती टाकायची. कायले टाकते, हे मी कधी विचारलं नाही. मी टाकली नाही. मडक्यातलं सगळं बी काढून घेतलं, राख तेवढी तळाशी राहिली.

"मामाजी, मूठभर बरबटी ठेवा नं. मामीजी ठेवत जाय. पान्याचा काय भरोसा?"

"कोनासाठी ठेवू?" मी म्हणालो.

ती ओटीत बी घेऊन तिफणीमागं बांधलेल्या पोकळ बांबूतून, सरत्यातून, सोडत चालली.

कोंब वर आले आणि पाणी गेलं. मूग करपला. बरबटीचं पान हातात घेतलं तर चुरा. मग पाणी आलं ते असं आलं की वावराचं तळं झालं. बारीक तीळ ओटीत खाली बसला होता, तो सगळा शेवटी एकाच जागी पडला. तिथं गच्च उगवला आणि तिथंच सडला. माती कायले लागते ते तेव्हा समजलं.

सून वाकून पाहत होती. "मामाजी, हा तीळ आहे का गवत?"

"तुह्या सासऱ्याची अक्कल आहे."

दोघंही हसलो. हसता हसता मनात आलं, घरी गेल्यावर बुढीला सांगतो. मग मी धुऱ्यावर, बांधावरच, खाली बसलो. सून गवत निंदायला लागली.

जवारीच्या एका धांड्यावर बरबटीचा एक वेल चढलेला सापडला. एकच. रोह्यांनी, नीलगायींनी, खाऊ नये म्हणून भोवती काट्या लावल्या. रोज जाऊन बसायचो. पोरगा चिडायचा, "बाबा, सारी पराटी सोडून त्या एका वेलापाशी काय बसून राह्यले?"

"तू जा नं तुह्या पराटीकडं."

शेंगा भरल्या, वाळायला आल्या. आता उद्या तोडू, असं म्हणत होतो आणि दसऱ्याच्या पुढं पावसाची झड लागली. कोणी म्हणतं का या दिवसांत झड लागेल? पाणी उघडलं तेव्हा शेंगा ओंजळीत धरून घरी आणल्या. ओसरीत बसून सोलल्या. आतल्या आतच पांढरे कोंब फुटले होते. मडक्यात ठेवण्याजोगा एकही दाणा नव्हता.

मोरीमागं बुढी काहीबाही लावायची. तिथं बोटानं माती उकरून ते दाणे पुरले.

सून मागं येऊन उभी राहिली. "मामाजी, थंडीत हे धरत नाही."

"मले माहीत आहे. तांब्याभर पानी आन."

तिनं आणलं. मी घातलं. तांब्या परत घेताना म्हणाली, "ते मडकं घासून ठेवू का?"

"नको," म्हटलं. "राख राहू दे त्यात."