एका स्वयंपाकघरातले दोन क्लेम

कोविडमध्ये ऑस्ट्रेलियात टूवूंबातल्या आमच्या युनिव्हर्सिटीने लॅब बंद केली आणि शेतांच्या ड्रोन-फोटोंचं सगळं काम घरी आलं. माझ्या लॅपटॉपमध्ये तेवढी जागा नव्हती. मोठी हार्ड डिस्क घेणं भाग होतं, आणि माझ्याकडे बाजूला ठेवलेले पैसे होते ते बहिणीच्या फोनचे.

तिकडे भारतात तिचं कॉलेज ऑनलाइन झालं होतं. घरात फोन एकच. बाबा सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय, सकाळी फोन त्यांच्यासोबत जायचा आणि तिची लेक्चर्स सकाळीच असायची. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, ती दुसरी.

म्हणून डिस्कच्या कंपनीची ऑफर दिसली तेव्हा मला खरंच हायसं वाटलं. हार्ड डिस्क घ्यायची, खोक्यावरचा बारकोड कापून बिलासोबत पोस्टाने पाठवायचा, की किमतीतला बराच भाग परत. परीक्षेआधी फोन घेता आला असता. तसं मी बहिणीला सांगूनही टाकलं.

माझ्यासोबत राहणारा मित्र पुण्याचा, माझ्याच वर्गातला. त्याचं रेस्टॉरंटमधलं काम सुटलं होतं, पण डिस्क त्यालाही लागणारच होती. आम्ही दोन घेतल्या. फॉर्म असो की नोटीस, घरी सगळ्यांना वाचून दाखवणारा मीच असायचो, त्यामुळे अटी मी नीट वाचल्या. एका हाउसहोल्डमधून एकच क्लेम, असं त्यात होतं. ती ओळ मी त्याला दाखवली.

तो म्हणाला, "आपण काय सख्खे भाऊ आहोत का? तुझं रेशनकार्ड वेगळं, माझं वेगळं."

मला ते पटलं. आमच्याकडे वेगळं रेशनकार्ड म्हणजे वेगळं कुटुंब, यात शंका घ्यायचं काही नव्हतंच. दोघांचे बारकोड कापले आणि पोस्टाचा खर्च वाचावा म्हणून दोन्ही फॉर्म एकाच पाकिटात घातले. त्याचा फॉर्म वर होता.

त्याचा क्लेम मंजूर झाला. माझा नामंजूर झाल्याची ईमेल आली, कारण पत्ता तोच.

मी कंपनीला फोन केला. पलीकडच्या बाई मवाळ बोलत होत्या. आमचे फ्लॅट वेगळे आहेत का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, फ्लॅट एकच, खोल्या वेगळ्या. स्वयंपाकघर? मला वाटलं, सगळं खरं सांगितलं तर त्यांना आमची अडचण कळेल. किराणा एकत्र आणतो, एक दिवस तो भाजी करतो, एक दिवस मी, अगदी भावांसारखे राहतो, हे मी माझ्या अडखळत्या इंग्रजीत सांगितलं. पलीकडे टाइप करण्याचा आवाज येत राहिला.

"सॉरी, लव्ह," इथे कुणालाही म्हणतात तसं त्या म्हणाल्या, "आम्ही यालाच हाउसहोल्ड म्हणतो."

मित्र दारात उभा राहून ऐकत होता. "भाजीचं कशाला सांगत बसलास तिला?" तो म्हणाला. "स्थळ घेऊन आली होती का ती?" पण मग माझ्याकडे बघून त्याने गाडीची किल्ली उचलली.

त्याच्या जुन्या गाडीतून आम्ही दुकानात गेलो. कापलेलं खोकं परत घेत नाहीत, हे मला गाडीत बसतानाच माहीत होतं. तरी गेलो. काउंटरवरच्या मुलाने खोक्याचं भोक पाहिलं आणि मास्कमधूनच नो वरीज म्हणाला, म्हणजे घेऊन जा.

पुढे मित्राच्या नावावर पैशांऐवजी एक कार्ड आलं, फक्त इथल्या दुकानांत चालणारं. त्याने ते माझ्या हातात दिलं आणि अर्धं तुझं म्हणाला. त्यातून घरी काही पाठवता येणार नव्हतं, आणि रोख द्यायला त्याच्याकडेही नव्हती. त्या कार्डावर आम्ही तांदूळ, तूरडाळ आणि तेल आणलं.

बहिणीला सांगायचं मी बरेच दिवस टाळलं. शेवटी फोन केला. माझं सांगून संपल्यावर ती म्हणाली, "मला वाटलंच होतं, दादा. मॅडमना मी सांगून टाकलंय, या वर्षी परीक्षेला बसत नाही म्हणून."

मग ती आईला हाक मारायला लागली, माझ्याशी बोलायला. मी तिला थांब म्हणायला हवं होतं. पण तोवर आई फोनवर आली, आणि काय जेवलास विचारल्यावर मी तिला वरणभात सांगितला.