दुसऱ्या बाईचं तिकीट

एसटीच्या लाल गाडीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा चौलच्या आमच्या आळीत दोघीच खूश नव्हत्या, सासूबाई आणि मी. माझा स्वभावच तसा. भाजीवालीने कोथिंबिरीची जुडी फुकट घातली, तरी घरी येऊन मी आधी तिच्याकडची वांगी किडकी आहेत का बघते. सासूबाई माझ्या वरताण. "सस्तं दिलं म्हंजी दुसरीकडनं काय तरी काढून घेनार," एवढंच त्या म्हणाल्या आणि केळफुलं टोपलीत भरायला लागल्या.

वाडीतली केळफुलं, अळू, गजरे घेऊन त्या रोज सकाळच्या गाडीने अलिबागच्या बाजारात जातात. मिनिडोर रिक्षावाला टोपलीचं भाडं वेगळं मागतो, वर माणसं कोंबून बसवतो. म्हणजे गाडी बंद, तर त्यांचा धंदा बंद. आणि आमच्या बाजूची फेरी रिकामी जाते, ती एसटीवाले बंद करणार, अशी कुजबुज होतीच. मला त्याचं काही नव्हतं. मी कचेरीत स्कूटीने जाते.

मग एक दिवस शेजारीण कानाशी लागली. "तुमच्या सासूबाईंना कंडक्टर रोज दोन तिकिटं देतो." माझं डोकंच फिरलं. न शिकलेली बाई बघून हा लुबाडतोय, याबद्दल मला शंका उरली नाही. शेजारणीवरही माझा पुरता विश्वास नव्हता, म्हणून स्वतःच बघायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी स्कूटी घरी ठेवली आणि सासूबाईंच्या मागोमाग गाडीत चढले. "पेट्रोल संपलंय," म्हटलं. त्यांना ते पटलं नाही, हे त्यांच्या तोंडावरच दिसलं.

गाडी निम्मी रिकामी. कंडक्टर आला. "मावशी, दोन ना?"

"दोन कशाला?" मी उठून उभी राहिले. "एकटी बाई दिसते ना तुम्हाला?"

"अहो ताई, मी रोज सांगतो, एकच घ्या. उरलेलं सरकार भरतं. ऐकतच नाहीत."

"सरकार भरील तवा भरील," सासूबाई म्हणाल्या. "वर बसल्यात त्यांना तुज्या मशीनीत जेवडी मानसं दिसतात तेवडीच. कमी दिसली का काढली गाडी." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आमच्या घरात बाया दोन. एक गाडीत बसते, एक स्कूटीवरनं जाते. हिची हाडं कुरकुरली का हिला बी हीच गाडी लागंल. तवर ती कुनी चालू ठेवायची?"

रागाने कानशिलं तापली होती, पण तो राग आता कंडक्टरवर नव्हता. मी खाली बसले.

कंडक्टर मशीनवर बोट ठेवून थांबला होता.

"आज एकच दे," सासूबाई त्याला म्हणाल्या. "दुसरी आज सोता आलीय. तिचं ती काढील."