एकोणचाळीस वळणं

डेपोत त्याला सगळे ‘सावकाश’ म्हणत. एकतीस वर्षं बस चालवली, पण कुणाच्या चपलेलाही चाक लागू दिलं नाही अशी त्याची ख्याती होती. त्याची बायको शिंपीण. पुढच्या खोलीत तिचं शिवणयंत्र, कापायचं टेबल आणि कोट चढवून बघायचा कापडी पुतळा. लग्न झालं तेव्हा त्यानं तिला कबूल केलं होतं, तुला एकदा डोंगरावरच्या त्या गावाला नेईन. गाव लहान, पण जुन्या दगडी घरांतून तीन संग्रहालयं: एक हातमागांचं नि जुन्या कपड्यांचं, एक खाणीतल्या दिव्यांचं, एक टपालगाड्यांचं. कपड्यांच्या संग्रहालयाचं नाव काढलं की शिंपिणीचे डोळे लकाकत. पण दरवर्षी काही ना काही आडवं येई आणि बेत पुढल्या वर्षावर जाई.

निवृत्त होऊन आठ महिने झाल्यावर सावकाशनं एका सकाळी जाहीर केलं, “या महिन्यात जायचंच. धाकट्या भावाची गाडी मागून घेतलीये. दोघंच जाऊ, मी चालवीन.”

शिंपिणीला आनंद झाला. पण या माणसाला एवढी घाई कधीपासून, असंही वाटून गेलं. जेवणाला घाई नाही, भांडणाला घाई नाही, आणि आता रोज विचारतोय, “तुझे कोट कधी हातावेगळे होतात?”

मग तो वही घेऊन बसू लागला. घाटात एकोणचाळीस वळणं. वर जाऊन आलेल्या जुन्या सोबत्यांना विचारविचारून त्यानं प्रत्येक वळण लिहून काढलं. विसावं, आत वळतं, दगडी कठडा. एकविसावं, बाहेर वळतं, कठडा नाही. दाढी करताना तो ती वळणं पुटपुटे.

“अहो, परीक्षेला बसताय का?” ती हसली. “रस्त्यावर पाट्या असतात की.”

“पाट्यांचा काय भरवसा?” तो म्हणाला, आणि तो हसला नाही.

त्याच आठवड्यात तो पुढच्या खोलीतून जाताना कापडी पुतळ्यावर आदळला आणि “माफ करा हं ताई,” म्हणून पुढे गेला. शिंपीण हसून हसून बेजार झाली, तिनं गिऱ्हाइकांनाही ती गंमत सांगितली. पण दुसऱ्या दिवशी त्यानं चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. तिसऱ्या दिवशी दाराच्या चौकटीला खांदा लागला. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून तिनं त्याकडे कानाडोळा केला.

निघायच्या आधीच्या रविवारी गाडीवर हात बसावा म्हणून दोघं सकाळी बाहेर पडले. रस्ता रिकामा होता. सावकाश नेहमीसारखा ताठ बसून समोर बघत होता. कोपऱ्यावर तिच्या बाजूच्या गल्लीतून भाजीवाला हातगाडी ढकलत आला. चांगला समोर येईपर्यंत ती त्याला बघत होती. आता थांबतील, आता थांबतील. गाडीचा वेग तसूभरही कमी झाला नाही.

“अहो!” ती किंचाळली.

गाडी थांबली तेव्हा हातगाडी वीतभर अंतरावर होती. कांदे रस्त्यावर घरंगळत होते. भाजीवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “काका, दिसत नाही का?”

सावकाश खिडकीतून वाकला. “तू कुठून आलास?”

त्याच्या आवाजात राग नव्हता, आश्चर्य होतं. खरंखुरं.

घरी आल्यावर तिनं त्याला कापायच्या टेबलापाशी बसवलं. “समोरच्या भिंतीकडे बघा. मान हलवायची नाही. माझं बोट दिसलं की सांगा.” त्याच्या कानाजवळून तिनं बोट हळूहळू पुढे आणायला सुरुवात केली. कान मागे पडला. गाल संपला. डोळ्याचा कोपरा गेला. तो गप्प. बोट त्याच्या नाकासमोर येऊ लागलं तेव्हा तो म्हणाला, “हां, दिसलं.”

तिनं दुसऱ्या बाजूनंही करून बघितलं. तेच.

“कधीपासून?”

“दोन वर्षं झाली असतील.”

तिनं मनातल्या मनात आठ महिने वजा केले. उरले सोळा. सोळा महिने तो सकाळची भरलेली बस चालवत होता. दर मंगळवारी दोरे-बटणं आणायला तीही त्याच बसनं जायची, पहिल्या बाकावर बसून, हा माणूस डोळ्यांत तेल घालून चालवतो म्हणून निश्चिंत.

“तपासणी होत होती ना दरवर्षी?”

“तक्ता वाचायला लावतात. समोरचं अजून लख्ख दिसतं. बाजूचं कुणी विचारलंच नाही.” तो हातांकडे बघत होता. “चष्मेवाला म्हणाला होता डॉक्टरकडे जा. गेलो असतो तर त्याच दिवशी खाली उतरवलं असतं. रस्ता पाठ होता गं मला. कुणाला काही झालं का?”

“नाही झालं,” ती म्हणाली. “पण ते तुमच्यामुळे नाही.”

तो म्हणाला, “तुला कबूल केलं होतं. बघता येतंय तोवर दाखवून आणावं म्हटलं.”

“आणि एकविसाव्या वळणावर समोरून कुणी आलं असतं तर?”



दुसऱ्या दिवशी ती त्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. काचबिंदू. गेलेली नजर परत यायची नाही, बाई म्हणाल्या. उरलेली थेंबांनी टिकली तर टिकेल, पण फार उशिरा आलात. गाडीची किल्ली शिंपिणीनं त्याच संध्याकाळी दिराला नेऊन दिली आणि का ते स्पष्ट सांगितलं. बेत मात्र तिनं मोडला नाही.

ती दोघं बसनं गेली. घाटभर सावकाश डोळे मिटून बसला होता. उजवा पाय मात्र प्रत्येक वळणाआधी फळीवर दाबला जात होता.

हातमागांच्या संग्रहालयात त्यानं एकेका कपड्यापुढे उभं राहून आधी बाही, मग गळा, मग काठ असं तुकड्यातुकड्यानं बघितलं. शिंपीण त्याच्या कोपराला धरून होती. शंभर वर्षांपूर्वीच्या टाक्यांची तिनं एवढी वाट बघितली होती. आता ती टाके बघत नव्हती, पायऱ्या बघत होती.

दुसऱ्या सकाळी ती आंघोळ करून मुक्कामाच्या खोलीत आली तर तो पलंगापासून दाराकडे येत होता. हात भिंतीवर, पावलं मोजत. खोलीत लख्ख ऊन होतं आणि त्यानं डोळे घट्ट मिटले होते. ती दारातच थबकली. सातव्या पावलाला त्याची बोटं तिच्या ओल्या केसांना लागली.

“कोण आहे?” त्यानं विचारलं. डोळे उघडले नाहीत.

तिच्या मागे लगेच जिना होता, म्हणून ती बाजूला झाली नाही.

“मी आहे,” ती म्हणाली.